वाईट ख्रिसमस गाणी ऐकायची तर सुरुवात अशी करा

आधी मूळ गाणं कानात नीट बसवा. चाल पाठ नसेल तर ती कुठे घसरली हे कळणारच नाही, आणि सगळी गंमत त्या घसरण्यातच असते.

पहिल्यांदा 'ओ होली नाइट' घ्या. अडॉल्फ आदमची ही चाल १८४७ची. शेवटाकडे सूर खूप वर चढतो. गायकाने पट्टीच उंच धरली असेल तर तिथे पोचेपर्यंत दम संपलेला असतो. ती जागा येण्याआधीची धास्ती हीच निम्मी मजा! तीन-चार गायकांची हीच एक जागा लागोपाठ ऐका.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- मुद्दाम विनोदी केलेली गाणी गोळा करणं. 'द सिंगिंग डॉग्ज'चं १९५५चं भुंकणारं 'जिंगल बेल्स' धमाल आहे, पण ते ठरवून केलेलं. आपल्याला हवा मनापासून गाणारा.
- एका बैठकीत वीस गाणी. कान बधिर होतात आणि वाईटही बरं वाटू लागतं. मध्ये एखादं सुरेल गाणं टाका.
- शाळकरी मुलांना हसणं. ते नको.

शेवटच्या कडव्याला पट्टी उगाच वर सरकली की गाणं बंद करू नका, खरा माल तिथेच असतो. दुर्मिळ रेकॉर्डांचा नाद पुढच्या डिसेंबरात.