गोळी, धावणं आणि रिपोर्टवरचा लाल गोल

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय २९, अर्ध-मॅरेथॉनची तयारी, आठ महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळ्या. रविवारी लांब पल्ला धावल्यावर दोनदा घसा धरला, सर्दी झाली. सोमवारच्या रक्ततपासणीत सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) ४.६ आलं, त्यावर लाल पेनाने गोल. वर जिममधली मैत्रीण म्हणाली, "गोळीने प्रतिकारशक्ती मरते, आजच बंद कर." तू विचारतेस, "ताई, बंद करू का?"

या भीतीपोटी तरी नको.

तुझी गोळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही हार्मोन असलेली आहे. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं, आणि सीआरपी तयार होतं तेही यकृतातच. म्हणून कसलाही संसर्ग नसताना या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणींचं सीआरपी वाढलेलं असतं. त्यात लांब धावल्यावर पुढचे एक-दोन दिवस ते आणखी चढतं, आणि तू नेमकी सोमवारी रक्त दिलंस! दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन, सर्दी नसताना पुन्हा तपास. गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांग.

आता प्रतिकारशक्तीचं. जोरकस व्यायामात पांढऱ्या पेशी रक्तात लोटतात आणि नंतर तास-दोन तासांत त्यातल्या लिम्फोसाइट्स नेहमीपेक्षाही कमी दिसतात. पूर्वी याला शरीराची खिडकी उघडी राहणं म्हणत. पण या पेशी बहुतांशी मेलेल्या नसतात, फुप्फुसं-आतड्यांकडे पहाऱ्याला गेलेल्या असतात, असं आता बरेच संशोधक मानतात. गोळी घेणाऱ्यांमध्ये या चढउतारात थोडा फरक काही अभ्यासांत दिसतो, पण ते अभ्यास लहान आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. गोळीमुळे धावणाऱ्या बायका जास्त आजारी पडतात, असं त्यातून सिद्ध होत नाही. पाळीमुळे गुंतागुंत वाढते म्हणून वर्षानुवर्षं प्रयोगांतून बायकांनाच वगळलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो.

मला खटकलं ते तुझ्या पत्राच्या शेवटी, घाईत लिहिलेलं वाक्य: "उपाशीपोटी धावते, झोप पाच तास, वजन चार किलो उतरलं, पण पाळी अगदी वेळेवर येते." अगं, ती पाळी नव्हे. गोळ्यांच्या मधल्या खंडात हार्मोन थांबतात म्हणून होणारा तो रक्तस्राव. एरवी खाणं कमी पडलं की पाळी चुकून शरीर इशारा देतं. गोळीवर तो इशाराच झाकला जातो. खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली नाव दिलं, आणि तिचे परिणाम हाडांपासून प्रतिकारशक्तीपर्यंत पोचतात असं सांगितलं. झोपेचंही तसंच. नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून केलेल्या प्रयोगात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी कितीतरी जास्त झाली. तेव्हा धावण्याआधी पोटात काहीतरी जाऊ दे, आणि दोन आठवडे सात तास झोपून बघ.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत कळ, अचानक धाप, किंवा डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन उठणारी डोकेदुखी यातलं काहीही झालं, तर "धावून स्नायू आखडला असेल" म्हणू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, या गोळीने रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो.

गोळी बदलायचीच असेल तर हार्मोन नसलेली तांबी आहे, इतरही पर्याय आहेत. ते डॉक्टरांशी बोलून आधी ठरव, मगच हे पाकीट बंद कर. नवा रिपोर्ट आला की लिही.

तुझी ताई