दुबईच्या वाळूत गाडीने जाण्यापूर्वी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही दुबईला डेझर्ट सफारीला गेलो होतो. डांबरी रस्ता संपताच चालकाने खाली उतरून चारही चाकांतील हवा सोडली. विचारले तेव्हा तो फक्त हसला. गाडीत काही बिघाड होता का? (नाशिक)

उत्तर : बिघाड मुळीच नव्हता. उलट त्याने हवा सोडली नसती, तर मी तुम्हाला काळजी करायला सांगितले असते. रस्त्यावर अशा गाडीच्या टायरमध्ये साधारण ३२ ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा असते आणि वाळूत शिरताना ती पंधरा-अठरापर्यंत खाली आणतात. हवा कमी झाली की टायर चपटा होऊन जमिनीवर लांबट पसरतो, गाडीचे वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून चालते. परतताना डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी कॉम्प्रेसरने पुन्हा हवा भरावीच लागते, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. तेव्हा घाई आहे म्हणून हवा न भरताच शहराकडे निघणाऱ्या चालकाला तुम्ही निःसंकोच थांबवावे.

चालकाची पारख वाळूच्या टेकडीवरही होते. वारा ज्या बाजूने येतो, ती टेकडीची बाजू सौम्य आणि घट्ट असते. पलीकडची बाजू मात्र मोकळी, भुसभुशीत आणि तिशीच्या पुढच्या अंशांत उतरणारी असते. जाणकार चालक अशा उतारावर गाडीचे नाक सरळ खाली ठेवतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण सुरक्षित वाट तीच असते, कारण उतारावर गाडी आडवी झाली आणि खालच्या बाजूची चाके रुतली की ती कलंडायला वेळ लागत नाही. माथ्यावर पलीकडचे काही दिसत नाही, म्हणून तो तिथे वेग कमी करतो आणि पुढची गाडी खाली उतरून बाजूला झाल्याशिवाय निघत नाही.

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या कमरेतील मणक्याची गादी सरकली होती, आता त्रास नाही. सहलवाले म्हणतात, ‘सगळेच जातात.’ तिला न्यावे का? (सांगली)

उत्तर : वाळवंटात जरूर न्यावे, टेकड्यांवरच्या फेरीला मात्र नेऊ नये. उतारावर धक्का फारसा बसत नाही. तो बसतो उतार संपून पुढचा चढ सुरू होतो त्या खोलगट जागी, कारण तिथे गाडीचे नाक दबते आणि बसलेल्या माणसाचा सगळा भार कमरेवर येतो. अशी आदळआपट अर्ध्या तासात अनेकदा होते. गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले लोक यांनाही माझे हेच सांगणे आहे.

मी या वाळूत अनेक वर्षे गाडी चालवली आहे. एकदा मागच्या बाकावरच्या एका काकू पहिल्या उतारापासून गप्प होत्या. तिसऱ्या उतारावर आरशात पाहिले, तर दाराची मूठ इतकी आवळून धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. गाडी थांबवली तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय, पण मुलांचा विरस नको.’ आजही मला वाटते, की निघण्यापूर्वी मी स्वतःहून विचारायला हवे होते. आईला मनमोकळे बोलता यावे म्हणून तुम्हीच चालकाला आधी सांगा. बहुतेक ठिकाणी अशा प्रवाशांना सोप्या वाटेने थेट छावणीवर नेण्याची सोय होते, पण ती नोंदणीच्या वेळीच मागावी लागते.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. दुबई डेझर्ट कन्झर्व्हेशन रिझर्व्ह हे सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र आहे. तिथे ठरलेल्या वाटांवरून संथ गतीने फिरवतात आणि पांढरेशुभ्र अरबी ओरिक्स (लांब शिंगांची हरणासारखी जात) मोकळे चरताना दिसतात. ही जात १९७२च्या सुमारास निसर्गातून नाहीशी झाली होती आणि बंदिवासात वाढवून पुन्हा वाळवंटात सोडण्यात आली. तिथले घाफचे झाड आईंना अवश्य दाखवा. संयुक्त अरब अमिरातींचे हे राष्ट्रीय झाड म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच शमी.

प्रश्न : मला घाटातही उलटी होते. काय करावे? (सातारा)

उत्तर : मधल्या किंवा पुढच्या बाकावर बसा. मागचा बाक मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे सर्वांत जास्त उसळी बसते. दोन तास आधी हलके खावे, नजर क्षितिजावर ठेवावी आणि फोनवर चित्रण करण्याचा मोह टाळावा. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पोटात ढवळू लागताच चालकाला सांगा, लाजू नका.

प्रश्न : पंधरा वर्षांचा मुलगा क्वाड बाइकसाठी (वाळूत चालवायची चारचाकी, उघडी बाइक) हट्ट धरून बसला आहे. (ठाणे)

उत्तर : माझे मत स्पष्ट आहे, देऊ नये. सफारीच्या मोठ्या गाडीत छताखाली लोखंडी सांगाडा असतो (तो आणि प्रत्येकाचा पट्टा बसण्यापूर्वीच पाहून घ्यावा), त्यामुळे गाडी उलटली तरी माणसाभोवती जागा उरते. क्वाड बाइकला ना सांगाडा, ना पट्टा, आणि ती उलटली तर चालवणाऱ्याच्याच अंगावर पडते. हट्ट फारच असेल, तर सांगाडा आणि पट्टे असलेल्या, वाळूत चालणाऱ्या छोट्या मोटार-बग्गीत अनुभवी मार्गदर्शकाशेजारी त्याला बसवावे, हेल्मेट घालूनच.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे आणि सोबत काय न्यावे? (गोवा)

उत्तर : नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दुबईहून हट्टा या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लहबाब भागातील वाळू लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस दिसते आणि तो रंग मावळतीला सर्वांत गडद होतो, म्हणून दुपारनंतरची फेरी घ्यावी. बूट वाळूने भरतात, त्यापेक्षा चपला बऱ्या. जानेवारीत सूर्य मावळताच वाळू झपाट्याने गार पडते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांसाठी एक शाल हाताशी असू द्यावी.