लिट्टी-चोखा म्हणजे आपलं बट्टी-भरीतच का?

प्रश्न: ताई, आम्ही अमळनेरचे. मुलाने पटन्याची मुलगी केली, पोरगी गुणाची आहे. दिवाळीनंतर आली तेव्हा हौसेने लिट्टी-चोखा केला न् म्हणाली, मम्मी हे तुमच्या बट्टी-भरितासारखंच. आमच्या सासूबाईंनी एक घास घेतला, मोहरीच्या कच्च्या तेलाचा झटका नाकात गेला आणि ताट सरकवून म्हणाल्या, "हाई काय भरीत शे का?" तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. खरं कोणाचं?
– एक सासू, एक सून, दोन्ही मीच

उत्तर: अहो ताई, निम्मं सुनेचं खरं, निम्मं सासूबाईंचं. बट्टी आणि लिट्टी ताटात सारख्या दिसतात, पण बट्टीचं पीठ जाडसर, गव्हात थोडा मका टाकून दळलेलं, त्यात ओवा-हळद, मग वाफवायची नाहीतर भाजायची, चिरायची, तळायची आणि वरणात कुस्करून वरून तूप, पोटात काही भरलेलं नसतं. लिट्टीच्या पोटात सत्तू असतं, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, त्यात लसूण, ओवा, कलौंजी, लोणच्याचा मसाला. गोवऱ्यांच्या आरावर भाजायची आणि तुपात बुचकळायची. वरणाची तिथे गरजच नाही, सोबत चोखा.

त्यामुळे लिट्टी-चोख्याची खरी जोडी शोधायची तर आपल्याकडे भरीत-रोडगा आहे, रोडगा म्हणजे आरावर भाजलेला कणकेचा जाड गोळा! चातुर्मासात वांगं बंद आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, हे सासूबाईंना मी काय सांगायचं, त्यांनीच वर्षानुवर्षं केलं असेल.

आता भरीत. चोख्यात वांग्याबरोबर टमाटा आणि बटाटाही असतो, आपल्या भरितात बटाटा घातला तर लोक उठून जातील. आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोबत मिरच्याही भाजायच्या, लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायचं, नंतर कांद्याची पात, शेंगदाणे, फोडणी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय टॅग मिळालाय तो उगाच नाही, हिरवट, मोठं, बिया कमी असलेलं ते वांगं वेगळंच. पण फोडणी न देता वरून तेल घालून कच्चं भरीत खातात ना, ते चोख्याचं सख्खं चुलत भावंड म्हणा.

पुढच्या वेळी सुनेला हेच वांगं द्या आणि मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवून गार करून घालायला सांगा, उग्रपणा बराच कमी होतो. तिच्या माहेरचे म्हणतील कच्च्या तेलाशिवाय कसला चोखा, म्हणू देत. आणि एवढं करूनही सासूबाईंनी नाक मुरडलं तर त्यांच्या वाटीत गुपचूप शेंगदाण्याचं तेल घाला आणि सांगू नका.