२०० एमबीपीएसच्या फायबरवर डाउनलोड ११.३ वरच का अडकतं?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात शाहूपुरीत घरी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे, लॅपटॉपला वायरनं जोडलाय, तरी मोठी फाइल उतरवताना आकडा ११.३ एमबीच्या वर सरकत नाही. केबलवाले म्हणतात, "आठानं भागा, बरोबर येतंय." मग फसवतंय कोण?

आठानं भागायचं हे खरं. पण २०० ला आठानं भागलं की २५ येतात, ११ नाही. बहुधा फसवणूक कुणीच करत नाहीये. ११.३ हा आकडाच दोष कुठं आहे ते सांगतोय, आणि तो जवळपास नक्की तुमच्या घरातच आहे.

आधी मापं. कंपनी वेग सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) असा सांगते, इंग्रजीत लिहिताना लहान बी. फाइलचा आकार आणि डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये असतो, तिथं मोठा बी. ८ बिट म्हणजे १ बाइट. मराठीत आपण दोन्हीला सरसकट 'एमबी' म्हणतो, म्हणून अर्धे वाद होतात.

दुसरी गल्लत वेग आणि साठा यांची. कोल्हापूरकराला ती समजवायला राधानगरी धरण पुरे. तिथला एक स्वयंचलित दरवाजा उघडला की भोगावती नदीत १४२८ क्युसेक पाणी येतं. धरणात पाणी किती, ते मात्र टीएमसीत सांगतात. क्युसेक हा दर, टीएमसी हा साठा. ११,५७४ क्युसेकनं पाणी अख्खा दिवस वाहिलं की १ टीएमसी होतं. तसंच १०० एमबीपीएस अख्खा दिवस वाहिलं की १.०८ टीबी, म्हणजे १०८० जीबी डेटा होतो. 'अनलिमिटेड' प्लॅनच्या अटींत महिन्याला ३३०० जीबी मर्यादा लिहिली असेल, तर तुमच्या २०० च्या वेगानं ती सलग दीड दिवसात संपते. घरगुती वापरात सहसा कुणी तिथवर पोचत नाही, पण महिनाअखेरीस वेग एकदम पडला तर आधी ही मर्यादा तपासा. मोबाइलवर रोजचे दीड जीबी १०० एमबीपीएसनं बरोबर दोन मिनिटं टिकतात. वेग जास्त म्हणजे डेटा जास्त, असं नाही.

आता तुमच्या ११.३ चा हिशेब. माहिती १५०० बाइटच्या पाकिटांत जाते. प्रत्येक पाकिटातले ४० बाइट पत्त्यांत जातात, वायरवर आणखी ३८ बाइटचं आवरण चढतं. म्हणजे १५३८ बाइट पाठवले की फाइलचे १४६० पोचतात, साधारण ९५ टक्के. पुढे विंडोज १ एमबी म्हणजे १० लाख बाइट धरत नाही, १०,४८,५७६ धरतं. या मापाला १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं 'मेबिबाइट' असं वेगळं नाव दिलं, तरी विंडोजच्या पडद्यावर एमबीच लिहिलेलं असतं. म्हणून १०० मेगाबिटच्या वायरवर १२.५ चे आधी ११.९ होतात आणि पाकिटांचा खर्च जाऊन ११.३ उरतात. १० लाखांनी मोजणारा प्रोग्राम तोच वेग ११.८७ दाखवेल.

म्हणजे तुमची लाइन १०० मेगाबिटच्या एखाद्या गळ्यातून जातेय. सगळं ठीक असतं तर २०० वर २२ ते २४ दिसले असते. आकडा ११.३ वर खिळा मारल्यासारखा स्थिर राहणं ही याची खूण. वायफायचा दोष असता तर तो ४, ९, ६ असा नाचला असता.

खात्री करायला विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. 'लिंक स्पीड' समोर १०००/१००० हवं. १००/१०० असेल तर चोर सापडला. मग या क्रमानं बघा.

पहिला संशय वायरीवर. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या चारच लागतात (पिन १, २, ३ आणि ६), गिगाबिटला (१००० मेगाबिट) आठही. क्रिंपिंग करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) चारच तारा जोडल्या असतील, किंवा एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तर लिंक मुकाट्यानं १०० वर उतरते. कुठलाही एरर येत नाही, नेट चालू राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरून रंगीत तारा मोजा. कॅट ५ई ची कारखान्यातून क्रिंप होऊन आलेली केबल पुरेशी आहे. ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. घरासाठी कॅट ७ वगैरेवर पैसे घालवू नका.

केबल बदलूनही १०० च राहिलं तर पोर्ट बघा. फायबरच्या काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. वायर दुसऱ्या पोर्टात लावून लिंक स्पीड पुन्हा पाहा. पुढे वेगळा राउटर असेल तर त्याचे पोर्टही तपासा. स्वस्त राउटरच्या खोक्यावर वायफायचा मोठा आकडा छापलेला असतो आणि मागचे पोर्ट मात्र १०/१०० असतात. तसा असेल तर तो बदलण्याला पर्याय नाही. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट किंवा यूएसबी २ वर चालणारा स्वस्त लॅन अडॅप्टर, हेही बघून घ्या.

मोबाइलवर वायफायचं गणित वेगळं आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर २० मेगाहर्ट्झचा चॅनेल आणि एक अँटेना असेल तर लिंकच ७२ मेगाबिटची होते आणि हातात साधारण निम्मा वेग येतो. शिवाय या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दाटीच्या गल्लीत शेजारच्या दहा घरांचे राउटर त्यांच्यावरच असतात. ५ गिगाहर्ट्झवर २०० सहज मिळतात, पण राउटरच्या खोलीत किंवा फार तर शेजारच्या. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींमागे तो पट्टा पोचत नाही. तिथं वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावणं हाच पक्का इलाज, आधीचंच वायफाय पकडून पुढं फेकणारा रिपीटर नव्हे.

तंत्रज्ञ आला की 'पॉवर', म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघतो; ती डीबीएम या मापात असते. आकडा उणे असल्यानं गोंधळ होतो: उणे १९ हे उणे २६ पेक्षा चांगलं. ३ डीबी कमी म्हणजे प्रकाश निम्मा. उणे २७ च्या खाली गेलं की नेट तुटत-जुळत राहतं. कपाटामागं फायबरला कडक वळण पडलं असेल तर आधी ते सोडवा. तुमच्याकडे नेट तुटत नसून एका आकड्यावर स्थिर आहे, म्हणून पॉवरवर माझा संशय नाही.

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ही तिसरीच गोष्ट. दरवाजे कितीही उघडा, राधानगरीचं पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर यायला वेळ लागतोच. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईला जाऊन यायला निदान ४ मिलिसेकंद हवेतच. गेम अडकत असेल तर ४०० चा प्लॅन घेऊन पिंग सुधारणार नाही. आणि पडद्यांसाठीच म्हणाल तर नेटफ्लिक्स फोरकेला १५ एमबीपीएस मागतं. चार टीव्ही एकदम लावले तरी ६० होतात.

लिंक १००० झाल्यावर वायरीवरच, बाकी सगळं बंद करून, स्पीड टेस्ट करा. सर्व्हर कंपनीचा स्वतःचा नको, पुणे किंवा मुंबईतला दुसरा निवडा. सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला, असे तीन दिवस. सकाळी १९० आणि रात्री ६० येत असतील, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. मग लिंक स्पीडच्या फोटोसकट ते सहाही स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा, म्हणजे "तुमचं वायफाय खराब असेल" हे उत्तर त्यांना देता येणार नाही.