तुरुंगाऐवजी पायात पट्टा : वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर चोरीचा माल विकत घेतल्याचा खटला आहे. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार राहायला कोणी तयार नाही, म्हणून महिना उलटला तरी तो आतच आहे. परदेशात अशांच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून घरी पाठवतात असं वाचलं. आम्ही स्वतःहून तसा अर्ज दिला तर?

उत्तर : देऊ नका. भाऊ पळून जाईल असं वाटलं असतं, तर न्यायाधीशांनी जामीनच दिला नसता. घोडं अडलंय जामीनदारापाशी, तेव्हा अर्ज त्याच अटीबद्दल करा : जामीनदार नको, जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय, की जामीन मिळूनही महिन्याभरात कागदांची पूर्तता झाली नाही, तर न्यायालयानं स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. त्याआधी, सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. कळवलंय का, ते प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विचारा. मोफत वकीलही तिथेच मिळतो.

आणखी एक. या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. भाऊ यापूर्वी कधी दोषी ठरला नसेल आणि दुसरा खटला चालू नसेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे एक तृतीयांश काळ, म्हणजे वर्षभर, आत काढल्यावर त्याला सोडावंच लागतं. अर्थात तोवर थांबायची वेळ येता कामा नये.

आता पट्ट्याविषयी. कुणीही हा विषय काढला की मी उलट विचारते : पट्टा नसता तर हा माणूस कुठे असता? स्वीडननं १९९४ मध्ये प्रयोग सुरू केला तो हा प्रश्न नीट सोडवून. न्यायालयानं थोड्या मुदतीची कैद आधी ठोठावायची, मग त्या माणसानं ती घरी भोगण्यासाठी अर्ज करायचा. त्याला नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवावं लागे, दारू पूर्ण बंद, आणि तपासायला माणसं न सांगता दारात. म्हणजे पट्टा लागला तो तुरुंगात जाणाऱ्यालाच. अर्जेंटिनात ब्युनोस आयरेस प्रांतात पट्ट्यावर राहिलेले आणि तुरुंगात राहिलेले अशांची तुलना अर्थशास्त्रज्ञांनी केली. पट्टेवाल्यांचं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण जवळपास निम्मं निघालं. (तरीही २००८ मध्ये पट्टा असलेल्या एकानं एक कुटुंब संपवलं आणि ती योजना जवळजवळ गुंडाळली गेली. आकडेवारी एकीकडे, लोकांचा संताप दुसरीकडे.)

उलट अमेरिकेत अनेक ठिकाणी पट्ट्याचं रोजचं भाडं तो घालणाऱ्याकडूनच वसूल होतं, आणि थकलं की पुन्हा न्यायालयाची पायरी. ज्याला जामीनदार मिळत नाही, तो हे भाडं कुठून भरणार?

आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा ४,३६,२६६ जणांची. त्यातले कच्चे कैदी ४,३४,३०२. शिक्षा झालेल्या सगळ्यांना उद्या सोडून दिलं, तरी तुरुंग भरलेलेच राहतील, आणि तेही ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय अशांनी! यातल्या कितीतरी जणांना पट्ट्याची नव्हे, तारखेला हजर राहणाऱ्या वकिलाची गरज आहे.

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात, कैद्याची तयारी असेल तर पट्टा लावून रजेवर सोडायची तरतूद आहे, पण आदर्श कायदा राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी, आरोपीनं गूगल मॅप्सवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील असं ठेवावं, ही जामिनाची अट रद्द केली. सुटलेल्या माणसावर पोलिसांनी सतत डोळा ठेवणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्कावर घाला, असं त्यांचं म्हणणं. हा निकाल असताना तुम्ही आपण होऊन भावाच्या पायात पट्टा कशाला मागताय?

प्रश्न : हा पट्टा कापून पळता येत नाही का?

उत्तर : येतं की. चांगल्या कात्रीनंही कापला जातो. आतून जाणारी तार किंवा प्रकाश वाहून नेणारा बारीक धागा तुटला की नियंत्रण कक्षात इशारा जातो, एवढंच. पट्टा कुणाला अडवत नाही, फक्त चुगली करतो. साध्या प्रकारात घरात एक पेटी ठेवलेली असते. ठरलेल्या वेळेत माणूस पेटीच्या टप्प्यात आहे की नाही, इतकंच तिला कळतं. जीपीएसवाला दिवसभर कुठे फिरला ते सांगतो, पण त्याला रोज चार्ज करावं लागतं, म्हणजे प्लगपाशी पाय पसरून बसायचं. तळघरात सिग्नल गेला की उगाचच ओरड सुरू. घामातून दारू ओळखणाराही निघालाय. पट्टा घालून आंघोळ करता येते, कारण तो काढायची मुभाच नसते. गंमत म्हणजे १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की इथं ज्या न्यायाधीशांनी हा पहिल्यांदा वापरला, त्या जॅक लव्ह यांना कल्पना सुचली ती स्पायडरमॅनच्या चित्रकथेवरून.

प्रश्न : नवरा मारहाणीच्या खटल्यात जामिनावर आहे आणि माझ्या कामाच्या ठिकाणाबाहेर उभा राहतो. त्याला असा पट्टा लावता येईल का?

उत्तर : ताई, पट्ट्याचा मला पटणारा उपयोग हाच. स्पेनमध्ये २००९ पासून जोडउपकरण आहे : एक त्याच्या अंगावर, एक तिच्याजवळ. तो ठरलेल्या अंतराच्या, बहुधा ५०० मीटरच्या, आत आला की तिलाही कळतं आणि नियंत्रण कक्षालाही. त्याला कुठे जायचं तिथे जाऊ दे, फक्त तुमच्या वाटेला येऊ नये.

आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून हातात आहे ते वापरा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली संरक्षण आदेश मागा आणि त्यात कामाच्या ठिकाणाचा पत्ता स्पष्ट लिहून घ्या. तो मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत काढून तुमच्याजवळ फिरकू नये अशी अट आहे का बघा. असेल तर जामीन रद्द करायचा अर्ज सरकारी वकिलांमार्फत द्या. तो कधी, किती वाजता उभा होता याची तारीखवार नोंद ठेवा, आणि बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आजच मागून ठेवा. बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं.