आकाशनिरीक्षण सुरू करायचंय, टेलिस्कोप घेऊ का?

लगेच नको. आधी १०×५० बायनॉक्युलर पुरे: दहापट मोठं चित्र, ५० मिमी व्यासाची भिंगं. याहून जास्त पटीचं घेतलं की हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. कोपरं भिंतीवर टेकवून गुरूकडे रोखा. त्याच्या बाजूला एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात, हे जरूर पाहा! आपला चंद्र मात्र पौर्णिमेला नको. ऊन समोरून पडतं, सावल्याच दिसत नाहीत. शुद्ध अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं उठून दिसतात. अंधुक तारकागुच्छांसाठी डोळ्यांना २०-३० मिनिटं अंधाराची सवय लागते. मध्येच मोबाईल पाहिलात, तर पुन्हा पहिल्यापासून.