पहिल्यांदा वर्गावर जाण्याआधी

तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर का होईना, कॉलेजात शिकवायला लागलीस, बरं झालं. पण मानधन दरमहा हाती पडेल या भरवशावर राहू नकोस, बिल निघायला महिने जातात. प्रत्येक तासाची नोंद स्वतःच्या वहीत ठेव.

आता वर्ग. ‘समजलं का?’ असं विचारूच नकोस. सगळे एका सुरात ‘हो सर’ म्हणतात आणि आपण खूश. मी आठ-दहा वर्षं खूश होतो! मग एकदा एफवायबीएस्सीला मोल, म्हणजे रसायनशास्त्रातलं पदार्थ मोजायचं एकक, शिकवून झाल्यावर अर्धा अर्धा कागद वाटला: 4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे किती मोल? साठातल्या सात जणांनीच बरोबर उत्तर, 0.1, लिहिलं. बाकीच्यांना सूत्र तोंडपाठ होतं, पण पुढे पर्याय नव्हते ना, सीईटीसारखे. तेव्हापासून तास संपायला पाच मिनिटं असताना एक प्रश्न, कागदावर, नाव न लिहिता. दुसऱ्या दिवसाचा तास त्या कागदांवरूनच ठरतो.

‘सोल्युशन म्हणजे द्रावण’ एवढं एकदा म्हणालीस, तरी मराठी माध्यमातून आलेला मागचा बाक मान वर करतो. कुणी नाकं मुरडली तर मुरडू देत.

75 टक्के हजेरीचा बडगा लगेच उगारू नकोस. शेवटचा तास बुडवणारा बऱ्याचदा गावची एसटी गाठत असतो, आधी विचार.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या तपासणीच्या, फायली तुझ्याच गळ्यात पडतील, नव्या माणसाच्या पडतातच. म्हणून चारनंतर स्टाफरूममध्ये रेंगाळू नकोस.